क्रियापद वापरून एक वाक्य

माझी सगळी नोकरी नववी-दहावीच्या पोरींना इंग्रजी शिकवण्यात गेली, आणि दर वर्षी एक दिवस असा यायचाच की ‘इक्वल’ हा शब्द फळ्यावर लिहावा लागायचा. विशेषण म्हणून लिहिला तर काही त्रास नाही. ‘समान!’ पोरी एका सुरात ओरडायच्या आणि विषय संपायचा. पण धड्याखालच्या प्रश्नांत तो मेला हमखास क्रियापद होऊन यायचा. मग कोणीतरी शहाणी हात वर करायची, “मॅडम, समानचं क्रियापद कसं करायचं? समानणे?” वर्ग खो खो हसायचा. मीही हसायचे, आणि उरलेला तास माझा मूड गेलेला असायचा. पोरींना वाटायचं, बाई लहरी आहेत. वाटू दे.

खरं तर त्या पोरीचं काय चुकलं? आपल्याकडे या शब्दाला सरळ क्रियापदच नाही. शेपूट लावावं लागतं. बरोबरी करणं, तोडीस तोड असणं, तुलनेत कमी न पडणं. आकड्यांत ‘बरोबर’ अगदी गुण्यागोविंदानं नांदतो: दोन आणि दोन बरोबर चार, कोणाचं काही म्हणणं नाही. माणसांत आला की बिघडतो. बाई नवऱ्याच्या बरोबरीनं शेतात राबते म्हटलं तर कौतुक. तीच बाई नवऱ्याची बरोबरी करते म्हटलं की आगाऊ, तोंडाळ, घर मोडणारी. शब्द तोच, नुसतं पुढचं शेपूट वेगळं. व्याकरणाच्या कुठल्याच पुस्तकात मला हा नियम सापडला नाही, पण आमच्या घरात तो सगळ्यांना पाठ होता. मी भावासारखी सायकल मागितली की आई भाकरी थापता थापता म्हणायची, “भाऊनी बराबरी करू नको.” की झालं, सायकल गेली.

या शब्दाचं इंग्रजी रूप मला शिकवलं अक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं. आम्ही पाचोऱ्याचे. नानांचं, आमच्या वडिलांचं, बी-बियाण्याचं आणि खताचं दुकान होतं, शिवाय गावाकडे थोडी कपाशी. अक्का रोज सकाळच्या शटलनं जळगावला कॉलेजला जायची. इंग्रजी घेऊन बी.ए. करणारी आमच्या गल्लीतली ती पहिलीच मुलगी, आणि तिच्या वर्गात मुली म्हणाल तर एका बाकावर मावतील एवढ्या. गाडीत गर्दी असली की दाराशी उभी राहून वाचायची. संध्याकाळी घरी आली की आम्ही दोघी ओट्यावर शेंगा फोडायला बसायचो, बियाण्यासाठी. तिथे ती मला शब्द शिकवायची. मी तेव्हा आठवीत होते.

समानार्थी शब्दांना ती ‘भावकी’ म्हणायची. “एका अर्थाचे सगळे,” ती सांगायची, “पण म्हणून एका ताटात जेवतात असं नाही.” ‘इक्वल’ची भावकी तर तिनं मला इतकी रंगवून सांगितली होती की अजून एकेकाचं तोंड डोळ्यांपुढे येतं. ‘मॅच’ हा घरातला, रोजच्या उपयोगाचा, ब्लाउजच्या कापडालाही चालतो. ‘रायव्हल’ भांडकुदळ, बांधावरून कोर्टात जाणारा. ‘टाय’ म्हणजे कुस्ती बरोबरीत सुटते तो, दोघंही घामाघूम आणि दोघंही नाराज. “आणि हा ‘इक्वल’,” अक्का शेंग दातात धरून म्हणायची, “हा दिसतो गरीब. पण सगळ्यांत ताठ हाच. तो कोणाला हरवायला जात नाही गं. नुसता शेजारी जाऊन उभा राहतो.”

मी म्हणायचे, “मग त्यात काय एवढं?”

“उभी राहून बघ एकदा,” ती म्हणायची, “मग कळेल.”

अक्काला एम.ए. करायचं होतं. नुसतं करायचं होतं असं नाही, ती त्यावर जगत होती. कोणतं पुस्तक आधी वाचणार, कुठल्या कॉलेजात शिकवणार, कोणत्या रंगाची साडी नेसून पहिल्या तासाला जाणार, सगळं ठरलेलं. आणि नानांचंही सगळं ठरलेलं. माणूस प्रेमळ हो, आवाज चढवून बोललेले मला आठवत नाहीत. पण त्यांनी तिला सरळ सांगून टाकलं होतं, “बी.ए.पर्यंत मी. पुढचं सासरच्या दारात. ते शिकवतील तर शीक, माझी ना नाही.” म्हणजे अक्काचं एम.ए. एका अनोळखी घराच्या खुंटीला टांगलेलं. घर कोणतं मिळतं त्यावर सगळं.

आणि मग घर आलं, तेही असं की आईनं देवाला नारळ फोडला.

झालं असं की त्या वर्षी जळगावच्या कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा झाली. विषय तोच, त्या काळी सगळीकडे असायचा तो: स्त्री-पुरुष समानता. अक्का इंग्रजीतून बोलली आणि तिला बक्षीस मिळालं. परीक्षक म्हणून धुळ्याच्या एका कॉलेजातले इंग्रजीचे तरुण प्राध्यापक आले होते. बक्षीस देताना ते तिला हळूच म्हणाले, “तुम्ही ‘इक्वॅलिटी’ पुष्कळदा म्हणालात. नाम सोपं असतं. कधी क्रियापद वापरून बघा, ते अवघड.” अक्का हे घरी येऊन मला सांगत होती तेव्हा तिचे कान लाल झाले होते. मी चिडवलं, तर पाठीत धपाटा मिळाला. चांगला जोरात.

पुढच्याच महिन्यात धुळ्याहून विचारणा आली, त्याच सरांसाठी. त्यांनीच घरी सांगितलं असणार, दुसरं कोण सांगणार? मूळचे ते पिंपळनेरकडचे, घरी शेतीवाडी, वडील गावातले मानकरी. मुलगा धुळ्याला बिऱ्हाड करून राहणारा. शिवाय निरोप्यानं एक गोष्ट आवर्जून सांगितली: मुलाचं म्हणणं आहे की मुलगी पुढे शिकली तरी चालेल. चालेल कसलं, आवडेल! अक्का त्या दिवशी दळण घेऊन गेली ती डबा गिरणीतच विसरून आली. इतकी सुखात मी तिला नंतर कधी पाहिली नाही. हे मी उगाच वाढवून सांगत नाही.

रविवारी पाहुणे आले. सर आणि त्यांचे वडील, ज्यांना ते आबा म्हणायचे. पांढरं धोतर, पांढरी टोपी, आवाज असा की माळ्यावरची भांडी वाजावीत. आईनं वरण-बट्टी केली होती. जेवणं झाली, सुपारी फिरली, मग अक्काला बाहेर बोलावलं. मी दाराच्या आड उभी होते. आईनं हात धरून दोनदा आत ओढलं, मी दोनदा परत गेले.

आबांनी नेहमीचं विचारलं. “सैपाक येस का?” येतो म्हणाली. शिवण येतं का? येतं म्हणाली. शेतात गेलीस का कधी? कापूस वेचलाय म्हणाली. आबा खूश. मग मुलाकडे वळून म्हणाले, “तू बी इचार ना काही. इंग्रजीमा इचार. आम्हाले बी ऐकू दे.”

सर लाजले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग अक्काकडे बघून, ओठाच्या कोपऱ्यात हसू दाबत म्हणाले, “‘इक्वल’ हे क्रियापद म्हणून वापरा. एक वाक्य सांगा.”

खोलीत बाकी कोणाला काही कळलं नाही. मला कळलं. ती त्यांच्या दोघांतली गंमत होती, बक्षिसाच्या वेळची. आणि अक्कालाही ती इतकी आवडली की तिनं मान वर केली. दाखवायच्या दिवशी मुलगी मान वर करत नसे तेव्हा. तिनं केली, आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, “वन डे आय विल इक्वल यू, सर.”

सरांचं तोंड असं खुललं! आजही सांगते, त्या क्षणी ते लग्न लागलं होतं. अक्षता तेवढ्या राहिल्या होत्या.

“काय बोलनी ती?” आबांनी विचारलं. “मराठीमा सांग बेटा.”

मला दारामागून अक्काचं तोंड दिसत होतं. ती शब्द शोधत होती. किती तरी शब्द होते, तिला तर सगळी भावकी पाठ. तुमच्यासारखी शिकेन म्हणता आलं असतं. तुमच्या पायरीला येईन म्हणता आलं असतं. सरळ लबाडी करून, मी तुमच्या पासंगालाही पुरणार नाही, असंही म्हणता आलं असतं, आणि आबांनी वर शाबासकी दिली असती. पण तिचं एक होतं, अर्थ सांगायचा तर खरा सांगायचा. ती म्हणाली, “एक दिवस मी तुमची बरोबरी करीन.”

सुपारी चावायचे आवाज थांबले.

“नवरानी बराबरी?” आबा म्हणाले. ओरडले नाहीत. हळू म्हणाले, तेच वाईट.

नानांचा चेहरा उतरला. आई आतल्या खोलीत कपाळाला हात लावून खालीच बसली. नाना घाईघाईनं म्हणाले, “नाही नाही आबा, पोरगी घाबरली. तिला तसं म्हणायचं नव्हतं. इंग्रजी चुकलं तिचं. हो ना गं? चुकलं ना?”

अक्कानं मान खाली घातली नाही.

आबांनी तिच्याकडे बघितलं, नानांकडे बघितलं, मग मुलाकडे बघून म्हणाले, “आठे प्रोफेसर कोन शे? तूच ना? मंग सांग. बराबर शे का ते?”

सरांनी अक्काकडे पाहिलं. अक्का त्यांच्याकडेच बघत होती. मग सर आपल्या पायाच्या बोटांकडे बघत म्हणाले, “नाही आबा. बरोबर नाही. वाक्य चुकलं.”

आबा मोठ्यानं हसले. “मंग काय! लगीननंतर शिकाडी दे तिले.” नाना हसले. सगळे हसले. खोलीतला ताण असा निघून गेला की आईनं लगेच चहा टाकला. अक्का उठली, सगळ्यांना वाकून नमस्कार केला, सरांनाही केला, आणि आत गेली.

त्यानंतरचं मला तुटक आठवतं. दोनेक आठवडे घरात कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मग एक दिवस शाळेतून आले तर आई चुलीपुढे डोळ्यांना पदर लावून बसलेली. “एका वाक्यापायी सोन्यासारखं घर गेलं,” म्हणाली. मी विचारलं, काय झालं? “जमलं नाही,” एवढंच. पोरांना कोण सांगतंय काही? मी माझं मीच समजून घेतलं. धुळ्याकडच्यांनी नकार कळवला. आबा वरवर हसले आणि घरी जाऊन फिरले. नवऱ्याची बरोबरी करणारी सून कोणाला हवी आहे? मी त्या म्हाताऱ्याला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की विचारू नका.

आणि सरांना त्याहून जास्त. कारण वाक्य बरोबर होतं. मी दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या अगदी शुद्ध आहे. मग दहावीत विचारलं, कॉलेजात विचारलं. प्रत्येकानं बरोबर म्हटलं. पण अक्काला हे सांगायची सोय नव्हती. तिनं बी.ए.ची परीक्षा दिली, पास झाली, आणि त्यानंतर इंग्रजी तिच्या तोंडून गेलं ते गेलंच. ओट्यावर शब्द नाहीत, भावकी नाही. मी एखादा अर्थ विचारला तर म्हणायची, “बाईंना विचार.” मला वाटलं, तिनं त्या प्राध्यापकाचं खरं मानलं. एवढा शिकलेला माणूस चुकलं म्हणतो म्हणजे चुकलंच, असं तिच्या मनानं घेतलं.

वर्षाच्या आत तिचं लग्न झालं. दीपनगरला, वीज केंद्रातल्या एका ऑपरेटरशी. दाजी माणूस वाईट नाहीत. दारू नाही, मारझोड नाही, सणावाराला साडी. तिथे एम.ए.चा विषयच निघाला नाही, आणि तिनं काढला नाही. एम.ए. मी केलं, इंग्रजी घेऊनच. नानांनी मला अडवलं नाही. उलट माझी फी भरायला स्वतः जळगावला आले होते, आणि परतताना गाडीत खिडकीकडे तोंड करून बसले होते. मला वाटलं झोपले आहेत. झोपले नव्हते.

नव्वद सालानंतर मी धुळ्याला एका मुलींच्या शाळेत लागले. गाव तसं लहान, पण कॉलेजवाले आणि शाळावाले सहसा एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. एकदा इंग्रजीच्या शिक्षकांचं शिबिर निघालं आणि व्याख्यानाला तेच सर. केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं, पण चष्मा पुसायची पद्धत तीच. व्याख्यान चांगलं झालं, खोटं कशाला बोलू? चहाच्या सुट्टीत मी व्हरांड्यात त्यांना गाठलं. माझं तोंड मुळातच फटकळ, त्यात इतक्या वर्षांचा साठा. मी नाव-गाव काही न सांगता सुरुवात केली.

“सर, एक वाक्य तपासून हवंय. वन डे आय विल इक्वल यू, सर. बरोबर की चूक?”

त्यांचा कप बशीवर वाजला. माझ्याकडे नीट बघून ते म्हणाले, “तुम्ही दारामागे होतात. पाचोऱ्याला.”

“होते. उत्तर द्या.”

“बरोबर,” ते म्हणाले. “अगदी बरोबर. मला आजवर कुठल्या विद्यार्थ्यानं इतकं चांगलं वाक्य सांगितलं नाही.”

“मग तेव्हा काय दातखीळ बसली होती?”

त्यांनी रागावायला हवं होतं. नाही रागावले. म्हणाले, “बरोबर म्हटलं असतं तर आबा तिथून उठले असते. मी एकटा मुलगा. मला ती हवी होती. वाटलं, एवढं एक खोटं बोलू, लग्न होऊन जाऊ दे, मग आयुष्यभर तिला बरोबर म्हणायला मी आहेच.”

“वा! आणि त्याचा उपयोग काय झाला? शेवटी नकारच पाठवलात ना?”

ते माझ्याकडे बघतच राहिले. “नकार? आम्ही? आम्ही लगेच होकार कळवला होता. आबांनीच कळवला. त्यांना तिचा नमस्कार फार आवडला होता. नकार तुमच्या नानांकडून आला.”

माझ्या हातातला चहा निवून गेला. इतकी वर्षं मी ज्या म्हाताऱ्याला शिव्या घातल्या तो तर हो म्हणाला होता!

“कारण?” मी विचारलं.

“कारण सांगितलं नाही. मला विचारायची गरज नव्हती.” मग त्यांनी विचारलं, “त्या पुढे शिकल्या का?”

“नाही,” मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही, तसाच हातात धरून ठेवला. आतून कोणीतरी त्यांना हाक मारली. ते गेले.

नाना तोवर गेले होते. आईला विचारण्यात अर्थ नव्हता, ती रडली असती. मी पुढच्या रविवारी एस.टी. पकडली, भुसावळला उतरले, तिथून दीपनगर. अक्काचं क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर. वीज केंद्राच्या चिमणीची राख उडते म्हणून तिच्याकडे कपडे घरातच दोरीवर वाळत असायचे. त्या ओल्या शर्टांखालून वाकून मी स्वयंपाकघरात गेले. ती वांगी भाजत होती, भरतासाठी. दाजी ड्युटीवर गेलेले.

मी दम न घेता सगळं सांगितलं. ती वांगं फिरवत राहिली. मी म्हटलं, “अक्का, वाक्य बरोबर होतं! तो स्वतः म्हणाला.”

“ते मला माहीत होतं,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“म्हणजे काय? मी बोलले तेव्हापासून.”

मग मी नानांच्या नकाराचं विचारलं. तिनं गॅस बारीक केला. “नाना मला मागच्या अंगणात घेऊन गेले. म्हणाले, त्यांचा होकार आलाय, काय सांगू? मी म्हटलं, नको सांगा. नाना म्हणाले, अगं, एम.ए. होईल तुझं. मी म्हटलं, राहू दे.” तिनं वांग्याचं साल काढायला घेतलं, बोटं भाजत होती तरी. “बिचारे नाना. दुसऱ्या कोणी कानफटात मारली असती. त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. आईलाही नुसतं जमलं नाही एवढंच सांगितलं, मी नको म्हटलं ते नाही. स्वतःवर घेतलं सगळं.”

मला रडू यायला लागलं आणि रागही यायला लागला, दोन्ही एकदम. “अगं पण का? तो तुला वाचवत होता! तुझ्यासाठी खोटं बोलला तो!”

“हो की,” अक्का म्हणाली. “कळलं होतं मला. मला वाचवायला त्यानं मलाच खोटं पाडलं. मी बघत होते ना त्याच्याकडे. एक शब्द तर म्हणायचा होता. आणि तो शब्द त्यालाच माहीत होता, त्या खोलीत बाकी कोणाला येतच नव्हता.”

“आणि इंग्रजी? ते का सोडलंस?”

“तोंडात यायचं आणि तो दिवस डोळ्यांपुढे यायचा. मग नकोच म्हटलं.” तिनं मीठ घातलं, हिरवी मिरची ठेचली. “वीस-एकवीसची होते गं. वाटलं, हा नाही तर दुसरा कोणी मिळेल, बरोबर म्हणणारा. मला काय माहीत, तोच एक होता.”

खाली कॉलनीत कोणाची तरी पोरं क्रिकेट खेळत होती, आरडाओरडा चालला होता. मी तिला विचारलं, “आज असं झालं असतं तर?”

“आज?” ती हसली. “आज हो म्हटलं असतं. आज सवय झालीय.”

हे ऐकून मला तिला हलवावंसं वाटलं, दोन्ही खांदे धरून. काय करणार होते हलवून? तिचं काही चुकलं नव्हतं. सरांचंही, म्हटलं तर, प्रेमच होतं. नानांचं प्रेमच. आबासुद्धा हो म्हणाले होते. सगळी माणसं चांगली आणि माझ्या बहिणीचं आयुष्य मात्र हातचं गेलं. मी हे कोणाच्या नावानं रडू? कोणाला शिव्या घालायची सोयसुद्धा ठेवली नाही मेल्यांनी.

आम्ही जेवलो. भरीत उत्तम झालं होतं. निघताना तिनं मला पिशवीत केळी बांधून दिली, भाकरीही दिली, नको नको म्हणत असताना. मी चपला घालत होते. ती दाराला टेकून उभी होती, पदराला हात पुसत. मग खाली जिन्याकडे बघत, सहज विचारल्यासारखं तिनं विचारलं, “बरोबर आहे असं म्हणाला ना तो?”

“हो. अगदी बरोबर म्हणाला.”

“चारचौघांत म्हणाला?”

मी चपलेचा पट्टा लावायला वाकले. खोटं बोलता आलं असतं. माझ्याही मनात आलं, एवढं एक बोलून टाकू, तिला बरं वाटेल. पण ती माझ्याकडे बघत होती.

“नाही अक्का,” मी म्हटलं. “व्हरांड्यात. आम्ही दोघंच होतो.”

“हं,” ती म्हणाली, आणि दोरीवरचे शर्ट वाळले का ते बघायला आत गेली.